साखळीतला मधला गडी

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली उतरते, हे तुम्हाला सांगायला नको. नवी वस्तू घरात आणणे सोपे असते. जुन्यातली कोणती टाकायची आणि कोणती ठेवायची, हे ठरवणे मात्र अवघड. चुकून कामाची वस्तू भंगारात गेली तर पंचाईत, आणि काहीच टाकले नाही तर घरात पाय ठेवायला जागा उरत नाही.

हाच पेच आपल्या शरीरातील पेशींपुढे अहोरात्र उभा असतो. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. काही कित्येक दिवस टिकतात, तर काहींचे आयुष्य अवघ्या काही मिनिटांचे असते. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने नव्याने तयार होतात आणि जवळजवळ तेवढीच मोडली जातात. मोडायचे कोणते आणि राखायचे कोणते, ही निवड पेशी कशी करते?

या निवडीच्या कामात भाग घेणाऱ्या एका लहानशा विकराची, म्हणजे एन्झाइमची, आज आपण ओळख करून घेणार आहोत. हे विकर माणसाचे. पण संशोधक ते जीवाणूंकडून तयार करून घेतात. असा द्राविडी प्राणायाम कशासाठी, आणि त्यातून कंपवातासारख्या रोगाविषयीची समजूत कशी बदलली, ते आता पाहू.

मोडायलाही खर्च?

आपण खाल्लेल्या डाळीतील प्रथिने आतड्यात पचतात. ट्रिप्सिनसारखी विकरे त्यांचे तुकडे करतात. हे तुकडे करायला वेगळी ऊर्जा पुरवावी लागत नाही. उतारावर सोडलेला दगड जसा आपला आपण घरंगळत खाली येतो, तसाच हा प्रकार. पण १९५३ साली मेल्विन सिम्पसन या संशोधकाने उंदराच्या यकृताचे पातळ काप घेऊन प्रयोग केले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पेशीच्या ऊर्जेचा पुरवठा तोडला की पेशीतील प्रथिने मोडण्याचे कामही मंदावत होते. म्हणजे इथे मोडण्यासाठीही ऊर्जा खर्च होत होती! बांधायला पैसे लागतात हे समजते. पण पाडायलाही पैसे मोजावे लागतात, ते कशासाठी?

याचे उत्तर मिळायला पाव शतक जावे लागले. इस्राएलमधील हैफा शहरी टेक्निऑन ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था आहे. तेथे अॅव्हराम हर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरॉन चिखानोव्हर यांनी सशाच्या रक्तातील अपक्व तांबड्या पेशी फोडून त्यांचा रस काढला. या रसात एटीपी घातले की प्रथिने मोडली जात. एटीपी म्हणजे पेशीतील ऊर्जेचे चलनी नाणे, हे तुम्ही शिकला आहातच. मग त्यांनी हा रस एका स्तंभातून गाळून त्याचे दोन भाग केले. नवल असे की, दोन्हींपैकी एकही भाग एकटा काम करीना. दोन्ही पुन्हा एकत्र केले की काम सुरू! याचा अर्थ, हे काम एका विकराचे नव्हते. त्यात निदान दोन भागीदार होते.

पहिल्या भागात हिमोग्लोबिनची गर्दी होती. ते काढून टाकण्यासाठी संशोधकांनी तो भाग चक्क तापवला. दूध नासावे तशी बहुतेक प्रथिने साकळून तळाशी बसली. पण वरच्या निवळ द्रवात काम करण्याची शक्ती शाबूत राहिली. उष्णतेला दाद न देणारे एक चिमुकले प्रथिन त्यात होते. हे १९७८ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील फॉक्स चेस कर्करोग केंद्रातील आयर्विन रोझ यांच्यासह केलेल्या कामातून १९८० साली पुढचा उलगडा झाला. हे चिमुकले प्रथिन मोडायच्या प्रथिनाला स्वतःच पक्के जोडले जात होते. भंगारात द्यायच्या वस्तूवर खडूने फुली मारावी, तसे! त्याच वर्षी असेही ध्यानात आले की, हे प्रथिन अगदीच अनोळखी नाही. १९७५ सालीच ते वेगळे केले गेले होते, आणि पुढे त्याचे नाव पडले युबिक्विटिन, म्हणजे सर्वत्र आढळणारे.

सिम्पसन यांच्या कोड्याचे उत्तर आता हाती आले. खर्च नुसता तोडण्यासाठी होत नव्हता. नेमके हेच प्रथिन मोडायचे, दुसरे नाही, अशी निवड करून त्यावर खूण करण्यासाठी होत होता. खूण झालेल्या प्रथिनाची घडी उलगडून ते प्रोटिआसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रणेत लोटायलाही एटीपी लागते, हे नंतर समजले. २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक चिखानोव्हर, हर्शको आणि रोझ या तिघांना मिळाले, ते याच शोधासाठी.

हातोहात जाणारे घमेले

आता ही खूण लागते कशी ते पाहा. घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. खाली एक जण घमेले भरतो, शिडीवरचे गडी ते हातोहात वर देतात आणि वरचा मिस्त्री सांगेल तिथे माल ओतला जातो. युबिक्विटिनचा प्रवासही असाच तीन टप्प्यांत होतो. टप्प्यांची ही तीन विकरे १९८३ साली हर्शको यांच्या गटाने वेगळी करून दाखवली. त्यांची नावेही सुटसुटीत ठेवली गेली : ई-१, ई-२ आणि ई-३.

युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचे बनलेले असते. त्याच्या शेपटाच्या टोकाशी ग्लायसीन हे अमिनो आम्ल असते. ई-१ हे विकर एटीपी खर्च करून हे टोक कार्यक्षम बनवते आणि स्वतःच्या एका गंधकाच्या अणूला जोडून घेते. हा गंधक सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लातला. गंधकाशी झालेला हा बंध ऊर्जेने भरलेला असतो, ताणलेल्या रबरासारखा. म्हणून पुढच्या टप्प्यात पुन्हा एटीपी लागत नाही. ई-१ कडून युबिक्विटिन ई-२ च्या सिस्टीनवर जाते. हा आपला मधला गडी. शेवटी ई-३ हे विकर एका बाजूने भरलेल्या ई-२ ला आणि दुसऱ्या बाजूने मोडायच्या प्रथिनाला पकडते, आणि युबिक्विटिन त्या प्रथिनातील लायसीन या अमिनो आम्लाला चिकटते. एकावर एक असे चार किंवा अधिक युबिक्विटिन विशिष्ट पद्धतीने साखळीसारखे जोडले गेले, की प्रोटिआसोमला आमंत्रण पोचले म्हणायचे.

माणसात ई-१ प्रकारची विकरे दोनच आहेत. ई-२ प्रकारची सुमारे ४०, आणि ई-३ प्रकारची सहाशेहून अधिक! घमेले भरणारे दोघे, शिडीवर चाळीस, आणि वर सहाशे मिस्त्री. साहजिकच प्रश्न येतो : कोणत्या मिस्त्रीला कोणता गडी माल देतो? आणि कोणता देऊच शकत नाही?

गर्दीतून एकाला बाहेर काढणे

तुम्ही म्हणाल, माणसाची पेशी घ्यावी, तिचे निरीक्षण करावे, कळेल. पण पेशीत कितीतरी ई-२ एकाच वेळी कामात असतात. एखाद्या ई-३ ला युबिक्विटिन मिळाले हे दिसले, तरी ते कोणी दिले हे कसे सांगणार? यात्रेच्या गर्दीत खिसा कापला गेला, तर चोर कोण हे नुसत्या गर्दीकडे पाहून समजत नाही. त्यासाठी एकच ई-२ निवडून ते एकटे आणि शुद्ध मिळवायला हवे. इथे जीवाणू मदतीला येतात.

उदाहरण म्हणून यूबीसी-एच७ हे मानवी ई-२ घेऊ. हे १५४ अमिनो आम्लांचे आहे. त्याचे रेणुवस्तुमान सुमारे १८,००० आणि त्यातील ८६ व्या स्थानावरचे सिस्टीन युबिक्विटिन उचलते. त्याचे जनुक १९९६ साली वेगळे करून अभ्यासले गेले. आता ते तयार करण्याची रीत पाहा.

मानवी जनुकात मधेमधे निरुपयोगी वाटणारे मजकूर असतात. ते गाळून वाचण्याची कला जीवाणूंना अवगत नाही. म्हणून पेशीतील संदेशवाहक आरएनएवरून जनुकाची गाळीव प्रत बनवतात. ही प्रत प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या लहान कड्यात बसवतात. दोन ठिकाणच्या डीएनएचा असा सांधा जुळवला म्हणून या तंत्राला पुनःसंयोजित डीएनए तंत्र म्हणतात. स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली त्याचा पाया घातला, आणि १९८२ साली मधुमेहींसाठी जीवाणूंनी बनवलेले मानवी इन्शुलिन औषध म्हणून बाजारात आले. आपले विकरही त्याच वाटेने तयार होते.

हे कडे ई. कोलाय या जीवाणूत शिरवतात. कड्यावर एका प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुकही असते. त्यामुळे पोषक द्रवात ते प्रतिजैविक घातले, की ज्यांच्यात कडे शिरले तेच जीवाणू जगतात. चांगल्या पोषणात हे जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. ते पुरेसे वाढले की एक ठरावीक रसायन घालून मानवी जनुक चालू करतात. बिचारा जीवाणू मग स्वतःला काहीही उपयोग नसलेले मानवी प्रथिन इमानेइतबारे बनवू लागतो.

पुढची कामे गाळण्या-निवडण्याची. सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून जीवाणू तळाशी जमवतात, ते फोडतात आणि रस वेगळा करतात. जनुक बसवतानाच विकराच्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा मणी जोडलेले असतात. हिस्टिडीनला निकेल धातूचे आकर्षण आहे. निकेल असलेल्या मण्यांच्या स्तंभातून रस सोडला, की आपले विकर अडकून राहते आणि बाकीचे वाहून जाते. मग इमिडाझोल हे रसायन घालून ते सोडवून घेतात. शेवटी लहान लहान नळ्यांत भरून ते उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात.

जीवाणूच का निवडला, याचे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. ई. कोलायमध्ये युबिक्विटिन नाही आणि त्याची ही विकरेही नाहीत. म्हणून जीवाणूच्या रसातून थोडीफार भेसळ विकरात राहिली, तरी त्यात दुसरे एखादे ई-२ लपून आले असेल ही भीती उरत नाही. किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या पेशीत हेच विकर बनवले असते, तर ही खात्री देता आली नसती, कारण यीस्टला स्वतःची ई-२ विकरे आहेत.

थोडे गणितही करू. एका परीक्षेसाठी २० मायक्रोलिटर द्रव आणि त्यात लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग, एवढे ई-२ पुरते असे धरा. म्हणजे दर परीक्षेला सुमारे ०.३६ मायक्रोग्रॅम विकर लागले. मग एका मिलिग्रॅममध्ये जवळजवळ २,८०० परीक्षा होतील! मिठाच्या काही बारीक कणांएवढा हा ऐवज. त्यात रेणू किती असतील, ते अॅव्होगाड्रो अंकावरून तुम्हीच काढून पाहा. उत्तर सुमारे ३४ वर १५ शून्ये असे यायला हवे.

चार नळ्यांची साक्ष

नळीवर नाव चिकटवले म्हणून आत तेच विकर आहे आणि ते काम करते, असे मानणे विज्ञानात चालत नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते. ती अशी :

पहिल्या नळीत ई-१, आपले ई-२, युबिक्विटिन, मॅग्नेशियम आणि एटीपी असे सगळे घाला. दुसरीत एटीपी सोडून बाकी सगळे. तिसरीत सगळे आहे, पण ई-२ च्या ८६ व्या जागी सिस्टीनऐवजी अॅलनीन हे गंधक नसलेले अमिनो आम्ल बसवलेले. चौथी नळी पहिलीसारखीच. पण शेवटी तिच्यात गंधकाचा बंध तोडणारे रसायन घाला. थोड्या वेळाने चारही नमुने एका जेलच्या पट्टीवर ठेवून विजेचा प्रवाह सोडा. लहान प्रथिने जेलमधून वेगाने धावतात, मोठी मागे रेंगाळतात.

पहिल्या नळीच्या रांगेत १८ हजारांच्या जागेबरोबर आणखी एक पट्टा साडेसव्वीस हजारांच्या आसपास दिसतो. १८ हजारांचे ई-२ आणि त्याच्या खांद्यावर साडेआठ हजारांचे युबिक्विटिन! दुसऱ्या रांगेत हा पट्टा नाही : ऊर्जेवाचून घमेले भरलेच गेले नाही. तिसऱ्या रांगेतही नाही : हातच नाही तर घमेले धरणार कशाने? चौथ्या रांगेत तो नाहीसा झालेला असतो : बंध गंधकाशीच होता, याचा पुरावा. पहिली नळी सांगते की काहीतरी घडले. नेमके काय घडले हे उरलेल्या तीन नळ्यांशिवाय कळत नाही. तुमच्या शाळेच्या प्रयोगवहीतही तुलनेची नळी ठेवायला सांगतात, ती यासाठीच.

जवळ बसला, पण माल देईना

आता या शुद्ध विकराने काय साधले, ते ऐका. कंपवात म्हणजे पार्किन्सनचा रोग बहुधा उतारवयात होतो. हात थरथरतात, हालचाली मंद होतात, मेंदूतील ठरावीक चेतापेशी मरत जातात. पण काही जणांना तो ऐन तारुण्यात गाठतो. १९९८ साली जपानी संशोधकांनी अशा रुग्णांत बिघडलेले एक जनुक शोधले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव पार्किन. २००० साली समजले की पार्किन हे एक ई-३ आहे, आपल्या भाषेत मिस्त्री.

ई-३ विकरांचे तेव्हा दोन मोठे वर्ग मानत असत. 'रिंग' वर्गातली ई-३ स्वतः मालाला हात लावीत नाहीत. ई-२ ला आणि प्रथिनाला जवळ आणतात, आणि युबिक्विटिन ई-२ वरून थेट प्रथिनाच्या लायसीनवर जाते. 'हेक्ट' वर्गातली ई-३ मात्र युबिक्विटिन आधी स्वतःच्या सिस्टीनवर घेतात आणि मग प्रथिनाला देतात. पार्किनची घडण पाहून त्याला रिंग वर्गात बसवले गेले होते.

आणि आपले यूबीसी-एच७? ते दोन्ही वर्गांशी सलगी करताना दिसत होते. १९९९ साली एका हेक्ट विकराला आणि २००० साली एका रिंग विकराला बिलगलेले त्याचे स्फटिकचित्र मिळाले. तरीही रिंग वर्गाबरोबर ते प्रत्यक्ष काम करताना मात्र सहसा आढळत नसे. असे का?

२०११ साली अमेरिकेतील सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रेचेल क्लेव्हिट यांच्या गटाने एक अगदी साधा प्रश्न विचारला. ई-३ बाजूलाच ठेवा. युबिक्विटिनने भरलेले ई-२ घ्या आणि त्याच्यापुढे नुसते सुटे लायसीन ठेवा. दुसऱ्या नळीत नुसते सुटे सिस्टीन ठेवा. माल कोणाला देते ते पाहू. यूबीसी-एच५सी या दुसऱ्या ई-२ ने दोघांनाही दिला. यूबीसी-एच७ ने सिस्टीनला दिला. लायसीनला मात्र काही केल्या देईना!

यातून निघणारा निष्कर्ष तुम्हीही काढू शकाल. ज्या ई-३ कडे स्वतःचे माल घेणारे सिस्टीन आहे, त्याच्याबरोबरच यूबीसी-एच७ काम करू शकेल. पण पार्किन आणि त्याच्या कुळातले 'हारी' हे ई-३ तर यूबीसी-एच७ बरोबर काम करत होती, आणि दोन्ही रिंग वर्गात गणली जात होती. मग एकच शक्यता उरली. त्यांच्यातही असे सिस्टीन लपलेले असले पाहिजे. शोध घेतल्यावर ते सापडले! पार्किनमध्ये ते ४३१ व्या स्थानावर आहे. दिसायला रिंग, वागायला हेक्ट असा हा तिसराच वर्ग निघाला. आज माणसात या कुळातली डझनाहून अधिक विकरे माहीत आहेत.

हा नुसता वर्गवारीचा वाद नव्हता. काही रुग्णांच्या पार्किनमध्ये नेमके हेच ४३१ वे सिस्टीन बदललेले आढळले आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बिघडल्या की त्यांवर युबिक्विटिनची खूण करून त्या निकालात काढणे, हे पार्किनचे एक काम आहे. सिस्टीन गेले की माल हातातच येत नाही, खूण होत नाही आणि बिघडलेल्या तंतुकणिका पेशीत साठत जातात. पार्किन मुळात स्वतःच स्वतःला आवरून धरलेले असते, हे २०१३ साली मिळालेल्या त्याच्या रचनाचित्रांतून दिसले. ते मोकळे करणारे औषध शोधायचे, तर तो रेणू पार्किनला खरोखर कामाला लावतो का, हे परीक्षानळीत पाहावेच लागते. आणि अशा परीक्षेत पार्किनच्या शेजारी उभा करायला शुद्ध ई-२ हवेच.

हर्शको यांनी सशाच्या रक्तातील गर्दीतून एकेक भागीदार वेगळा केला आणि पुन्हा एकत्र करून पाहिला. आज जीवाणूंनी बनवलेले विकर नळीत येते, तेव्हाही रीत तीच असते. वेगळे करा, एकेकट्याला विचारा, मग पुन्हा जोडून पाहा. यूबीसी-एच७ पंधरा वर्षे संशोधकांच्या हाताशी होते. त्याला सुटे लायसीन आणि सुटे सिस्टीन देऊन पाहण्याचा प्रश्न सुचला, तेव्हा ते बोलले.

सहाशेहून अधिक मिस्त्री आणि चाळीस गडी यांतल्या कितीतरी जोड्या अजून तपासायच्या आहेत. शिवाय आपल्या गड्याने आणखी एक कोडे मागे ठेवले आहे : जे रिंग विकर माल घेऊच शकत नाही, त्याला बिलगून हा गडी बसतो तरी कशासाठी? या लेखातल्या चार नळ्या आठवा, आणि हे तपासण्यासाठी तुम्ही कोणत्या नळ्या मांडाल, ते वहीत लिहून वर्गात गुरुजींना दाखवा.